कोलाड ते विन्हेरे, मालगाडीच्या मागावर

रोह्यापासून तेरा किलोमीटरवर कोलाड स्टेशन आहे. तिथे ट्रक आगगाडीत चढतात. एका सपाट वाघिणीवर एक भरलेला ट्रक आणि ट्रकच्या केबिनमध्ये त्याचा ड्रायव्हर आणि क्लीनर, अशी ही गाडी कोलाडहून सुटते आणि ४१७ किलोमीटरवर गोव्यात वेर्ण्याला पोचते. वेर्ण्याला ट्रक उतरतात आणि आपापल्या रस्त्याला लागतात. सगळे तिला रोरो म्हणतात. २६ जानेवारी १९९९ रोजी कोकण रेल्वेने ती सुरू केली तेव्हा देशात अशी दुसरी गाडी नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटी एक पूर्ण दिवस मी मालगाड्यांचे फोटो काढण्यासाठी ठेवला होता, आणि सुरुवात कोलाडहून करायची हे ठरलेलं होतं. कोकण रेल्वेचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलासमोर, टेकडीवर, भर पावसात माणसं कॅमेरे सांभाळत उभी असतात. मांडवी, जनशताब्दी, अलीकडे वंदे भारत यांचे देखणे फोटो घरोघरच्या फोनमध्ये आहेत. मालगाडीचे शोधावे लागतात. तिचं वेळापत्रक कुठे छापलेलं नसतं, तिला नाव नसतं, आणि प्रवासी तिच्याकडे पाहतात ते बहुधा आपल्या गाडीला उशीर का झाला याचं कारण म्हणून. मला मात्र एखाद्या एक्स्प्रेसपेक्षा साठ वाघिणींची मालगाडी पाहायला जास्त आवडते. एक्स्प्रेसचे सगळे डबे एका रंगाचे. मालगाडीची प्रत्येक वाघीण वेगळी भिजलेली, वेगळी गंजलेली, वेगळ्या गावची धूळ घेऊन आलेली.

माणगावला माझा एक मित्र शाळेत शिकवतो. तो मोटारसायकल घेऊन पहाटेच आला. कुंडलिकेवरून धुकं उठून स्टेशनपर्यंत पसरलं होतं. ट्रकांची रांग धुक्यात उभी होती आणि ड्रायव्हर शेकोटीभोवती चहा पीत होते. स्टेशन मास्तरांना भेटून फोटो काढायची परवानगी मागितली. रुळांत उतरायचं नाही आणि ट्रक चढवणाऱ्यांच्या कामात यायचं नाही, या दोन अटींवर त्यांनी होकार दिला.

ट्रक चढवण्याचं काम पाहण्यासारखं असतं. आधी वजनकाट्यावर वजन होतं, मग लोखंडी कमानीखालून ट्रक नेऊन त्याची उंची तपासतात. वाटेत बोगदे आहेत, शिवाय वर आता पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. ताडपत्रीचं एक टोक वर आलेलं असेल तरी ट्रक बाजूला घेऊन ते बांधून घ्यावं लागतं. मग उतारावरून, म्हणजे रॅम्पवरून, ट्रक पहिल्या वाघिणीवर चढतो. त्याची जागा तिथे नसते. दोन वाघिणींच्या मधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकलेले असतात. त्यांवरून तो दुसरीवर, तिसरीवर, असा सगळी गाडी ओलांडत पार शेवटच्या वाघिणीपर्यंत जातो. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून सगळी गाडी अशी सरकत जाते. ड्रायव्हर आरशात पाहतोय, क्लीनर खाली उतरून हाताने खुणा करतोय, रेल्वेचा माणूस शिट्टी मारतोय. जागेवर पोचला की हँडब्रेक, गिअर, चाकांना पुढून मागून पाचरी आणि चारी बाजूंनी साखळ्या.

धुक्यातून सूर्य वर आला तेव्हा मला हवा होता तो फोटो मिळाला. उतारावर चढणारा एक ट्रक, त्याच्या पुढे वाघिणींवर एकामागे एक उभे राहिलेले ट्रक, आणि प्रत्येकाच्या आरशात तोच केशरी सूर्य.

या वाघिणींवर बीआरएन अशी अक्षरं असतात. रूळ आणि पोलादाचे लांब तुकडे वाहून न्यायला बनवलेली ही सपाट वाघीण. तिच्यावर ट्रक ठेवायची कल्पना ज्या कोणाला सुचली त्याने कोकणातल्या रस्त्यांचा अनुभव घेतलेला असणार. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट भरलेल्या ट्रकला किती महाग पडत होते हे ज्यांनी त्या काळी रात्री एस.टी.तून प्रवास केलाय त्यांना माहीत आहे. कशेडीला आता बोगदा झाला, रस्ता पुष्कळ रुंद झाला. तरी रात्रभर जागं राहून गोव्यापर्यंत ट्रक हाकणं आणि रात्रभर झोपून गोव्याला पोचणं यांत फरक आहेच.

हेच मला एका ड्रायव्हरने सांगितलं. मूळचा बीड जिल्ह्यातला, कळंबोलीहून लोखंडी सळया घेऊन निघालेला.

"दादा, घरी एक फोटो पाठवायचाय. गाडीबरोबर काढता का? पण रेल्वेपण दिसू द्या खाली. बायकोला पटतच नाही, गाडी रेल्वेत घालून नेतो म्हणल्यावर."

काढला, तिथेच त्याच्या फोनवर पाठवला. मग तो ट्रकच्या पायरीवर बसून बोलत राहिला.

"डिझेल वाचतं ते मालकाचं. टायर वाचतं तेबी मालकाचंच. माझं काय वाचतं सांगू? डोळे. रोडनं गेलो तर दोन दिवस डोळे लाल. हितं जेवायचं, पडायचं, गार वारं. फक्त एक, केबिनच्या वर चढायचं नाही. तार हाय वर."

"वाटेत थांबते का फार?"

"थांबती की. वीरच्या पुढं लई थांबती. सगळ्यांना वाट देत देत जाती बिचारी."

हे वाक्य पुढे दिवसभर माझ्या डोक्यात राहिलं. त्याची गाडी दुपारी निघायची होती. ती पुढे कुठेतरी गाठायची असं ठरवून आम्ही कोलाड सोडलं.

हिवाळ्यात कोकण रेल्वेवर फोटो काढायचे तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. ही लाईन साधारण उत्तर-दक्षिण जाते आणि या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे मुंबईकडून गोव्याकडे जाणाऱ्या डाऊन गाडीच्या इंजिनाचं तोंड सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेडात असतं. गोव्याकडून येणाऱ्या अप गाडीचं तोंड सावलीत. अप गाडीसाठी मी वेगळा उपाय करतो. ती पुढे निघून जाऊ देतो आणि तिचा शेवटचा डबा टिपतो, कारण उजेड त्याच्यावर असतो. मालगाडीच्या बाबतीत तो गार्डचा ब्रेकव्हॅन असतो, आणि बहुतेक वेळा गार्ड दारात उभा असतो. अशा फोटोंत माणूस येतो, म्हणून मला ते इंजिनाच्या फोटोंइतकेच जवळचे वाटतात.

विद्युतीकरण झाल्यापासून जागा मात्र नव्याने शोधाव्या लागल्या. मार्च २०२२ मध्ये सगळ्या मार्गावर तारा आल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये लोकार्पण झालं. आता दर थोड्या अंतरावर खांब आहे, आणि नेमकी इंजिनाच्या तोंडावर एका खांबाची सावली पडलेली असते. पूर्वी डिझेल इंजिनाचा काळा धूर हिरव्या डोंगरावर कसा दिसायचा हे जुने फोटोवाले हळहळून सांगतात. मला स्वतःला ती हळहळ वाटत नाही. लांब बोगद्यांत डिझेलचा धूर कोंडायचा आणि तो हटवायला मोठाले पंखे बसवावे लागले होते. त्या धुरातून रोज जाणाऱ्यांना विचारलं तर ते तारांच्याच बाजूने बोलतील.

इंदापूरच्या पुढे भातशेती कापून झाली होती. खाचरांत उडव्या रचलेल्या, आणि जिथे ओल टिकून होती तिथे वालाची कोवळी रोपं वर आलेली. बांधावर उभं राहून रूळ चांगले दिसतात आणि रेल्वेच्या हद्दीत पाय ठेवावा लागत नाही. सकाळच्या डाऊन गाड्या एकामागून एक गेल्या. जनशताब्दी, वंदे भारत, तेजस, सगळ्या मुंबईहून पहाटे सुटलेल्या. त्यांच्यानंतर जरा वेळ लाईन मोकळी राहिली. आम्ही बांधावर बसून पोहे खाल्ले. मित्राने कान टवकारले, "आली."

मालगाडी आधी ऐकू येते. भरलेली असेल तर आवाज खालच्या पट्टीतला, जमिनीतून येणारा. स्प्रिंगा दाबलेल्या असतात, वाघिणी गप्प असतात. रिकामी असेल तर पत्रा खडखडतो. ही भरलेली होती. वळणावरून डब्ल्यूएजी-९ जातीचं विजेचं इंजिन बाहेर पडलं, सहा हजार अश्वशक्तीचं, मूळ घडण एबीबी या युरोपीय कंपनीची. मागे कंटेनरांची लांबच लांब ओळ. निळे, तांबडे, राखाडी, समुद्रापलीकडच्या कंपन्यांची नावं मिरवणारे कंटेनर रायगडच्या भाताच्या उडव्यांमागून सरकत होते. टेली लेन्स लावली की लांबची गाडी दाटून येते आणि रंगांच्या पट्ट्या एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात. लोको पायलटने आम्हाला पाहून भोंगा दिला आणि हात केला. मीही केला. इंजिन गेल्यावर मी कॅमेरा खाली ठेवला आणि बाकीची गाडी डोळ्यांनी पाहिली. फोटोंच्या नादात गाडी पाहायची राहून जाते.

इतकी जड गाडी इथून एकाच इंजिनाने जाते याचं श्रेय ज्यांनी ही लाईन आखली त्यांचं. आपल्याकडे घाट म्हटला की बोरघाट आठवतो. तिथे ३७ फुटांत एक फूट चढ आहे, आणि कर्जतहून वर जाणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जास्तीची इंजिनं जोडावी लागतात. कोकण रेल्वेवर मुख्य चढ १५० फुटांत एक फूट याहून कडक ठेवायचा नाही आणि वळण १२५० मीटर त्रिज्येपेक्षा आवळायचं नाही असं ठरलं. सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे दर चार-पाच मैलांवर एक नदी किंवा सोंड आडवी येते, तिथे हा नियम पाळायचा म्हणजे डोंगराला वळसा घालायचा नाही, तो फोडायचा. म्हणून ९१ बोगदे झाले, त्यांची एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर. म्हणून लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल झाले. अ. ब. वालावलकरांनी कितीतरी आधीपासून या रेल्वेचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पैंनी आणि मधू दंडवत्यांनी ती संसदेत लावून धरली, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम उभं राहिलं. जानेवारी १९९८ मध्ये सगळा मार्ग खुला झाला. या कामात ज्या कामगारांचे जीव गेले त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. मालगाडी एका लयीत चढ चढून जाताना मला त्यांची आठवण होते. प्रवाशाला बोगदा म्हणजे अंधार आणि गेलेली रेंज. भरलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला बोगदा म्हणजे वाचलेला घाट.

माणगावला मित्राच्या घरी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन आम्ही पुढे निघालो.

वीर हे या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. रोह्यापासून वीरपर्यंत सुमारे ४७ किलोमीटरचा मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरला दोन रूळ एकत्र येतात, आणि तिथून पुढे एकेरी लाईन सावित्री ओलांडून जाते. वीरपर्यंत अप गाडी एका रुळावर आणि डाऊन गाडी दुसऱ्या रुळावर, कोणाला कोणासाठी थांबायला नको. वीरनंतर समोरून येणारी गाडी मधला एकेरी टप्पा मोकळा करून स्टेशनात आल्याशिवाय इकडची सुटत नाही. प्रवासी गाड्यांचं वेळापत्रक हे सगळं गृहीत धरून बांधलेलं असतं. मालगाडीला उरलेल्या फटीतून जायचं असतं. बीडच्या ड्रायव्हरने एका वाक्यात सांगितलं होतं ते इथे रुळांवर लिहिलेलं दिसतं. पुलावरून मी खालच्या सांध्याचा फोटो काढला. त्यात गाडी एकही नाही. माझ्या दिवसातला तो सगळ्यात जास्त काही सांगणारा फोटो आहे असं मला वाटतं.

करंजाडीवरून जाताना थांबलो नाही, पण बोलणं थांबलं. १६ जून २००४ रोजी याच पट्ट्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीवर आदळून पुलावरून घसरली. त्याच्या आदल्या वर्षी वैभववाडीजवळ दरडीनेच मोठा अपघात झाला होता. त्यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून वेगळं वेळापत्रक लावलं जातं, कापलेल्या डोंगरांना जाळ्या बसवल्या, आणि ट्रॅकमन पावसात रात्रंदिवस रूळ तपासत चालतात. डोंगर तरी आपलं काम करतोच. जुलै २०२४ मध्ये विन्हेरे आणि दिवाणखवटीच्या दरम्यान बोगद्याच्या तोंडाशी दरड आली आणि जवळपास दिवसभर सगळी लाईन बंद पडली. तेव्हाही अडकलेल्या प्रवाशांच्या बातम्या आल्या, त्या यायलाच हव्यात. वाटेत उभ्या राहिलेल्या मालगाड्यांबद्दल एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही.

विन्हेरे महाड तालुक्यातलं छोटं स्टेशन. तिन्ही बाजूंना डोंगर, फलाटाच्या टोकाशी बोगद्याकडे जाणारी लाईन. सव्वाचार किलोमीटरहून लांब असलेला नातूवाडीचा बोगदा इथून पुढे आहे आणि त्यापलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. आम्ही पोचलो तेव्हा लूपवर एक अप मालगाडी उभी होती. बंद वाघिणींची, दारांना सील लावलेली. तिकीट काढून, मास्तरांना सांगून फलाटावर बसलो. उरलेली दुपार तिथेच गेली.

उभ्या मालगाडीचे फोटो काढायला धावपळ लागत नाही. एकेक वाघीण वाचत चालत गेलो. बीसीएन म्हणजे छप्पर असलेली वाघीण, बॉक्सएन म्हणजे उघडी, कोळसा आणि खनिजासाठी; बीटीपीएन म्हणजे इंधनाची टाकी. शेवटचा 'एन' हवेच्या ब्रेकचा. प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे तिची जात सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची ते, त्यापुढचे दोन ती कोणत्या साली बनली ते. मग चार आकडे तिचे स्वतःचे, आणि शेवटचा आकडा आधीचे दहा बरोबर लिहिलेत का हे तपासण्याचा. बाजूला शेवटची मोठी दुरुस्ती कुठे झाली ते रंगवलेलं असतं: कोटा, रायपूर, झाशी. विन्हेऱ्याच्या फलाटावर बसून देशभरातल्या वर्कशॉपांची नावं वाचता येतात. कोणीतरी खडूने दारावर बाण आणि आकडे काढले होते, ते पावसाने अर्धवट पुसले होते. मी तेच जवळून टिपले. इंजिनाचे फोटो सगळेच काढतात. वाघिणीच्या अंगावरची ही नोंद पुढच्या रंगकामात नाहीशी होणार.

ब्रेकव्हॅनच्या पायरीवर गार्ड बसले होते. २०२२ पासून त्यांचं पद ट्रेन मॅनेजर आहे. मास्तर त्यांना गार्डसाहेबच म्हणत होते. पन्नाशीच्या पुढचे, शांत. मी नमस्कार केला आणि फोटो काढू का विचारलं.

"काढा. पण झेंडा हातात घेऊ द्या," म्हणाले, आणि खरोखर आत जाऊन गुंडाळलेले झेंडे घेऊन आले.

"केव्हापासून उभे आहात?"

"बराच वेळ झाला. आधी एक डाऊन गेली. मग आमच्या मागून एक सुपरफास्ट आली, तिला पुढे काढलं. आता रोरो येतेय, ती गेली की आम्ही."

"कंटाळा येत नाही?"

त्यांनी जरा विचार केला. "कंटाळा येऊन चालत नाही. साडेसहाशे-सातशे मीटर पुढे ड्रायव्हर, इकडे मी एकटा. मधे काही झालं तर दोघांपैकी एकालाच दिसणार. रात्री बोगद्यातून जाताना मी दारातच उभा असतो. चाकाचा आवाज बदलला तर कळतो."

लूप लाईनची नेहमीची लांबी ६८६ मीटर. मालगाडी तिच्यात जेमतेम मावते, आणि तिच्या लांबीचा सगळा हिशेब यावरूनच ठरतो. ब्रेकव्हॅनच्या मागे एलव्ही अशी दोन अक्षरं लिहिलेली पाटी होती. शेवटचं वाहन. गाडी स्टेशनातून गेली की माणूस ती पाटी पाहतो आणि मग समजतो की गाडी अख्खी आली, मधे काही तुटून मागे राहिलं नाही. गार्डना त्या पाटीशेजारी उभं करून फोटो काढला. दुपारचं ऊन अगदी समोरून त्यांच्यावर पडलं होतं.

सावल्या लांबल्या. मास्तर बाहेर आले. मेन लाईनचा सिग्नल हिरवा झाला. गार्ड उठले, टोपी नीट केली, आणि लूपच्या कडेला, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडे मास्तर हिरवा झेंडा घेऊन. स्टेशनातून जाणारी प्रत्येक गाडी दोन्ही बाजूंनी पाहायची असते. कुठे ॲक्सल तापून धूर येतोय का, काही लोंबतंय का, साखळी सैल आहे का. कोणी पाहत नसलं तरी हे रोज चालतं.

रोरो आली. उतरत्या उन्हात इंजिनाचं तोंड उजळलं होतं, आणि त्यामागे सकाळी धुक्यात पाहिलेले ट्रक. ताडपत्र्या वाऱ्याने थोड्या फुगलेल्या. केबिनच्या काचांमागे कोणी झोपलेलं, कोणी पाय डॅशबोर्डवर टाकून बसलेलं, एक जण दाढी करत होता. मी शटर दाबत राहिलो. गार्ड एकेका ट्रकच्या चाकांवरून नजर फिरवत होते; त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत असावेत. बीडचा ड्रायव्हर दिसला. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडून काहीतरी म्हणाला, ते ऐकू आलं नाही. मी कॅमेरा खाली घेऊन हात उंचावला. शेवटी रोरोचा गार्ड झेंडा धरून गेला, आमच्या गार्डनी आपला झेंडा दाखवला, आणि सगळं ठीक आहे हे दोघांनी एकमेकांना सांगितलं. नंतर काही मिनिटांनी लूपचा सिग्नलही मिळाला. बंद वाघिणींनी एकामागून एक झटका घेतला आणि गाडी वीरकडे निघाली.

त्या दिवशी काढलेल्या फोटोंत हा गार्ड, ती रोरो आणि वीरचा तो रिकामा सांधा, असे तीन मी वेगळे काढून ठेवले आहेत. ते पाहताना मला जे वाटतं ते इथे स्पष्ट लिहितो. २०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने चाकरमान्यांच्या मोटारींसाठीही कोलाडहून रोरो सुरू केली. पहिल्या वर्षी प्रतिसाद कमी होता, म्हणून कल्पना वाईट ठरत नाही. ट्रकांच्या रोरोने पंचवीसहून अधिक वर्षं ती टिकवून दाखवली आहे. पण कोलाड ते वेर्णे हे अंतर कापायला या गाडीला बारा तासांच्या आसपास लागतात, आणि त्यातला मोठा भाग थांबण्यात जातो. डोंगर फोडून, पूल बांधून, चढ सौम्य ठेवून ज्यांनी ही वाट केली, त्यांनी ती संथ गाड्यांसाठी केली नव्हती. पोलाद, खत, सिमेंट, इंधन जितकं रुळावर राहील तितका महामार्ग मोकळा आणि तितके ड्रायव्हर झोपून घरी जाणारे.

कोकणातल्या प्रवासी संघटना दर वर्षी थांब्यांसाठी निवेदनं देतात आणि ती द्यायलाच हवीत. त्याच निवेदनात दुसरी मागणी लिहा: वीरच्या पुढे दुसरी लाईन. थांबा मिळाला तर एका गावाची सोय होईल. दुसरी लाईन झाली तर तुमची एक्स्प्रेस आणि तिच्यासाठी लूपवर उभी राहणारी मालगाडी, दोन्ही वेळेवर पोचतील.